मनीऑर्डरच्या कूपनावरच्या दोन ओळी

(पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.)

गणपती जवळ आले की कोकणाविषयी दरवर्षी त्याच चार बातम्या येतात. रेल्वेचं आरक्षण काही मिनिटांत संपलं, जादा एस.टी. सोडणार, महामार्गाचे खड्डे अमुक तारखेच्या आत बुजवणार, मंत्र्यांनी पाहणी केली. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चालू आहे, म्हणजे ती एक बातमी तर आता तोंडपाठ झाली. या सगळ्या बातम्या जाणाऱ्यांच्या आहेत. मला आज न जाणाऱ्यांविषयी लिहायचंय. जी म्हातारी माणसं गावातच असतात आणि सणाच्या महिनाभर आधीपासून कोणाकोणाचं येणं नक्की होतंय याचा हिशेब मनात मांडत बसतात, त्यांच्याविषयी. त्यांना दूरच्या मुलाबाळांची खबर पोचवायचं काम गेली सव्वाशे-दीडशे वर्षं कोणी ना कोणी करत आलंय, आणि त्याचा इतिहास आपण फारसा कुठे लिहून ठेवलेला नाही.

आधी थोडं आकड्यांकडे बघू. १८८१ च्या जनगणनेत मुंबई शहरात राहणाऱ्या माणसांपैकी एक लाखाहून जास्त माणसं रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. (तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यातच.) शहराची लोकसंख्या तेव्हा पावणेआठ लाखांच्या आसपास. म्हणजे रस्त्यात भेटणाऱ्या दर सात-आठ माणसांमागे एक रत्नागिरीकडचा. गिरण्या, गोदी, घरकाम, पोलीस, जिथे काम मिळेल तिथे. आता २०११ ची जनगणना घ्या. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढली नाही, घटली. महाराष्ट्राची एकूण लोकसंख्या वाढत असताना. मागे कोण उरलं हे सांगायला वेगळा अभ्यासगट नेमायची गरज नाही, कुठल्याही वाडीतून दुपारी एक फेरी मारा.

तर ही माणसं जोडलेली कशी राहिली?

१८७९ साली पोस्टकार्ड आलं, एका पैशाचं. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली. माझ्या मते कोकणच्या इतिहासात या दोन तारखांचं महत्त्व कुठल्याही लढाईपेक्षा कमी नाही. त्याआधी पैसे आणि निरोप गावाकडे जाणाऱ्या माणसाच्या हातून जायचे. तो विश्वासू असेल, बोटीत लागून आजारी पडला नाही, आणि वाटेत त्याला स्वतःलाच पैशाची नड लागली नाही, तर पोचायचे. मालवण-वेंगुर्ल्याकडे जाणारी बोट पावसाळ्यात बंद. मनीऑर्डरने हे सगळं एका छापील फॉर्मवर आणलं.

आज तिशीत असलेल्यांपैकी किती जणांनी तो फॉर्म पाहिलाय माहीत नाही, म्हणून सांगतो. फॉर्मच्या खालच्या टोकाला एक कूपन असायचं. त्यावर पाठवणाऱ्याने संदेश लिहायला थोडी जागा. पोस्टमन पैसे देताना हे कूपन फाडून पैसे घेणाऱ्याच्या हातात द्यायचा. दुसरा भाग पोचपावतीचा. त्यावर पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, अंगठा असेल तर साक्षीदाराची सही, आणि हा तुकडा उलट टपालाने पाठवणाऱ्याकडे परत. म्हणजे एका फॉर्ममध्ये जायचा निरोप आणि यायचा निरोप, दोन्हीची सोय. कमिशन शेवटच्या काळात शेकडा पाच रुपये होतं.

माझी पणजी निरक्षर. तिचा मुलगा, म्हणजे माझे आजोबा, लालबागला गिरणीत. कूपनं ती फेकायची नाही. माजघरात खुंटीला एक आकडा वळवलेली तार होती, दुकानदार बिलं टोचून ठेवतात तसली, त्या तारेला ओवून ठेवायची. तिच्यामागे ती तार आत्याने सांभाळली आणि काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दिली. कागद ठिसूळ झालेत, मधली भोकं मोठी होऊन काही सुटली आहेत. मजकूर बघाल तर निराशा होईल. "ती. आईस शि. सा. न. रु. ४० पाठविले आहेत. प्रकृतीस जपणे." पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. श्रावणातलं कूपन तेवढं वेगळं असतं: "रजेचा अर्ज दिला आहे." आणि मग एखाद्या वर्षी भाद्रपदात: "रजा मंजूर नाही. गणपतीला येणे होणार नाही. बाप्पास माझा नमस्कार सांगणे." सोबत नेहमीपेक्षा दहा रुपये जास्त.

हे कूपन तिला वाचून कोण दाखवायचं? पोस्टमन. आत्या सांगते, पोस्टमन ओटीवर टेकायचे, गुळाचा खडा आणि पाणी घ्यायचे, आणि त्या दोन ओळी वाचायला पाच मिनिटं लावायचे. "प्रकृतीस जपणे" एवढंच लिहिलेलं असलं तरी ते म्हणायचे, "विचारलाहा, गुडघो कसो आसा?" गुडघ्याचं कूपनावर एक अक्षर नाही. पणजीला ते कळत नव्हतं असं मला वाटत नाही. पैसे देऊन झाले की अंगठा, आणि अंगठ्याला साक्षीदार म्हणून शेजारच्या घरचा शाळेत जाणारा मुलगा.

तो अंगठा उमटलेला कागद मग परळ-लालबागच्या गावकरी खोलीत पोचायचा. एका खोलीत पंधरा-वीस माणसं, पाळीपाळीने झोपणारी, एकाच गावची किंवा पंचक्रोशीतली. आजोबांनी माझ्या वडिलांना सांगितलेली गोष्ट अशी की पोच आली की ते सही-शिक्का काही बघत नसत. अंगठा बघायचे. ठसा ठळक आला असला तर म्हातारी बरी आहे, फिका आणि हललेला असला तर हात थरथरतोय. वैद्यकशास्त्राला हे मान्य होईल की नाही सोडा. पण महिन्यातून एकदा आईच्या हाताचा ठसा मिळणं ही व्हिडिओ कॉलच्या आधीची गोष्ट आहे आणि ती सरकारी नियमातून आपोआप तयार झालेली होती, कोणी मुद्दाम 'योजना' म्हणून आणलेली नव्हती.

मुंबईच्या बाजूलाही मध्यस्थ होतेच. जी.पी.ओ.समोर, कबुतरखान्यापाशी, पत्रलेखक बसायचे. छोटं मेज, लाख, सुतळी, फॉर्मांचा गठ्ठा. ज्याला लिहिता येत नाही त्याचं पत्र लिहून द्यायचं, मनीऑर्डर भरायची, पार्सल शिवून द्यायचं. घरचा प्रश्न, भावाभावांचं भांडण, बायकोचा राग, सगळं यांच्या कानावरून गेलेलं.

तारेची गोष्ट थोडी वेगळी. सणासाठी तार खात्याने छापील शुभेच्छांचे क्रमांक ठरवून दिले होते. १ नंबर म्हणजे दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा, २ म्हणजे ईद मुबारक, ४ म्हणजे नववर्ष, ८ म्हणजे सुखी वैवाहिक जीवनासाठी शुभेच्छा. पूर्ण वाक्याऐवजी फक्त आकडा पाठवायचा, पलीकडचं ऑफिस तो मजकूर लिहून देणार. स्वस्त आणि झटपट. पण खेड्यात तार हा शब्दच अशुभ. तारवाला वाडीत शिरला की बायका आधी रडायला लागायच्या आणि मग तार कोणाची ते विचारायच्या. त्यामुळे दिवाळीची एक नंबरची तार शहरातल्या साहेबाला शोभायची, गावातल्या आईला कोणी शहाणा माणूस ती पाठवत नसे. उलट दिशेने मात्र तार भरपूर चालली. 'मदर सिरियस स्टार्ट इमिजिएटली' ही तार दाखवून किती गिरणी कामगारांनी गणपतीची रजा मिळवली असेल याची गणती नाही. मुकादमालाही माहीत असायचं, कारण त्याचीही आई दर भाद्रपदात सिरियस व्हायची. ही तारसेवा १५ जुलै २०१३ ला बंद झाली.

आता १९८२.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. या संपावर पुष्कळ लिहिलं गेलंय: बोनस, बदली कामगार, मालकांना हवं असलेलं आधुनिकीकरण, जमिनी, पुढे आलेले मॉल. हे सगळं मुंबईच्या बाजूने. त्याची दुसरी नोंद माझ्याकडच्या तारेवर आहे. १९८१ चं डिसेंबरचं कूपन आहे. जानेवारीचं आहे. मार्चमध्ये वीस रुपयांचं एक आहे, "पुढील महिन्यात जास्त पाठवतो" असं लिहिलेलं. त्यानंतर त्या वर्षात एकही नाही.

वडिलांच्या तोंडून ऐकलंय की उन्हाळ्यात आजोबा गावाला आले ते कामाशिवायच, खोलीतले निम्मे लोक असेच परतले होते. त्या वर्षी आमच्या वाडीतला एकही गणपती चाकरमान्याविना नव्हता. पंधरा-वीस वर्षांत पहिल्यांदा सगळी घरं भरलेली. भजनाला माणसं मावेनात, आणि मोदकाला गूळ उधारीवर. पणजी त्यावरून एक वाक्य म्हणायची, ते आत्याने सांगितलं: सगळे इले, पण कोणीच इल्यासारखे वाटले नाय. येणारा माणूस काहीतरी घेऊन येतो, चार दिवसांनी परत जातो, आणि गेल्यावर त्याचं कूपन येतं, या चक्राला 'येणं' म्हणतात असं तिचं म्हणणं असावं.

आणि पोस्टमन? ते येत राहिले. द्यायला काही नसताना ओटीवर बसायचे, पाणी प्यायचे, जायचे. हा भाग कुठल्याही संपाच्या इतिहासात येणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

पुढची पंधरा-वीस वर्षं फोनची. त्याआधी ट्रंक कॉल होता, पण तो म्हाताऱ्या माणसांच्या उपयोगाचा कधीच नव्हता. पोस्टात नंबर लावायचा, तासन्‌तास बसायचं, साधा नाही लागला तर अर्जंट, त्याहून घाई असेल तर आठपट पैसे मोजून लाइटनिंग. १९८४ साली सी-डॉट स्थापन झालं, सॅम पित्रोदांचं नाव घरोघर पोचलं, आणि हळूहळू प्रत्येक तिठ्यावर पिवळी पाटी आली: एस.टी.डी., आय.एस.डी., पी.सी.ओ. हे बूथ देताना अपंगांना प्राधान्य होतं, ही त्या धोरणातली एक चांगली गोष्ट.

बूथवाल्याचं खरं काम पाटीवर लिहिलेलं नसायचं. मुंबईहून फोन यायचा, "अमक्याच्या आईला बोलवा, दहा मिनिटांनी परत करतो." बूथवाला पोरगं पिटाळायचा. म्हातारी धापा टाकत, डोक्यावर पदर सावरत यायची. लग्नपत्रिकांवर आणि डायरीत अशा नंबरापुढे 'पी.पी.' लिहिलेलं असायचं, म्हणजे नंबर दुसऱ्याचा, पण निरोप पोचेल. रात्री उशिरा दर पाव व्हायचा, त्यामुळे मुंबईच्या बूथवर तेव्हा रांग. गावातली म्हातारी माणसं मात्र आठला झोपणारी. दिवाळीच्या दिवसांत ती जागी राहायची, बूथच्या बाकड्यावर पेंगत. लाल आकड्यांचा मीटर पळताना बघून बोलायचं सुचायचंच नाही. "बरं आहे ना? बरं आहे. ठेव, बिल वाढतंय." संपलं. तरी दुसऱ्या दिवशी त्या अर्ध्या मिनिटाची गोष्ट अर्धा तास सांगितली जायची.

मोबाइलचं सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा भराभर. ३१ जुलै १९९५ ला पहिला कॉल. सुरुवातीला आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे, १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. माझ्या मते गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हातात फोन खऱ्या अर्थाने आला तो तेव्हा. साधा बटणांचा फोन. एक बटण हिरवं, एक लाल. आत्या तो पाच मिनिटांत शिकली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला, आणि दोन-तीन वर्षांत अमेरिकेतला नातू आरतीला 'हजर' राहू लागला.

आणि इथे एक गोष्ट उलटी झाली. पोस्टकार्डापासून बूथपर्यंत प्रत्येक काळात साधन महाग होतं, अवघड होतं, पण मधे एक माणूस होता. पोस्टमन, पत्रलेखक, बूथवाला, शाळेतला मास्तर. म्हाताऱ्या माणसाला स्वतःला काहीच 'येणं' आवश्यक नव्हतं. आता साधन जवळपास फुकट झालंय आणि मधला माणूस गेलाय. फोन अपडेट मागतो, मेमरी भरलेली असते, चिन्हांची जागा एका रात्रीत बदलते, आणि 'ओटीपी कोणाला सांगू नका' हे इतक्या वेळा ऐकलेलं असतं की काहीही दाबायची भीती. कॉल लागला नाही तर मुलगा म्हणतो, "आई, एवढं सोपं आहे गं." सोपं आहेच. पणजीला मात्र कोणी कधी मनीऑर्डरचा फॉर्म स्वतः भरायला सांगितला नव्हता.

२०२० च्या गणपतीत हे सगळं एकदम उघडं पडलं. २२ ऑगस्टची चतुर्थी, कोकणात जाणाऱ्यांना १० दिवस विलगीकरण, गावोगावच्या ग्रामपंचायती १४ दिवसांसाठी अडून बसलेल्या. सत्तर-पंचाहत्तरीच्या माणसांनी एकट्याने मूर्ती आणली, पाटावर ठेवली. आमच्या वाडीत पाच घरांत फोनवरून पूजा झाली, आणि त्या पाचही घरांत फोन धरून उभी होती ती एकच मुलगी, दहावीतली. सकाळी सातपासून या घरातून त्या घरात. गुरुजी एकीकडे मंत्र सांगतायत, मुंबईहून मुलगा, पुण्याहून मुलगी, दुबईहून धाकटा, आणि ही पोरगी पडवीतल्या ज्या कोपऱ्यात रेंज येते तिथून हात लांब करून फोन धरतेय. पोस्टमन आणि बूथवाल्याच्या नंतरची ती. तिला कोणी पगार दिला नाही, आणि आता ती शिकायला रत्नागिरीला असते.

यावर काय करता येईल? 'ज्येष्ठांसाठी डिजिटल साक्षरता शिबिर' हे उत्तर मला पटत नाही. मी अशी दोन शिबिरं पाहिली आहेत. चहा-बिस्किटं चांगली होती. ऐंशीच्या माणसाला दर सहा महिन्यांनी बदलणारी गोष्ट एकदा शिकवून भागत नाही.

त्यापेक्षा हे बघा. देशात दीड लाखाहून जास्त टपाल कार्यालयं आहेत, त्यातली सुमारे ९० टक्के ग्रामीण भागात. २०१८ पासून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक आहे. ग्रामीण डाक सेवक आज घरी येऊन बोटाच्या ठशावर पैसे काढून देतो, पेन्शनवाल्याचा हयातीचा दाखलाही घरी येऊन करून देतो. म्हणजे अंगठा परत आलाय, फोनही सेवकाच्या खिशात आहे, आणि घरही त्याला माहीत आहे. फ्रान्सच्या टपाल खात्याने २०१७ पासून अशी सेवा सुरू केली की मुलांनी पैसे भरायचे आणि पोस्टमनने ठरलेल्या दिवशी आईवडिलांकडे जाऊन विचारपूस करून मुलांना कळवायचं. जपानच्या टपाल खात्याचीही 'मिमामोरी' नावाची तशीच सेवा आहे. आपल्याकडे जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये गेली, १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं. खातं नव्या कामाच्या शोधात आहे, तर हे काम समोर पडलंय. गणपती, दिवाळी, शिमगा, ज्याचा जो सण असेल तेव्हा, वीस मिनिटांची 'भेट-कॉल' सेवा, पैसे पाठवणाऱ्याकडून घ्या. पूर्वी शेकडा पाच देत होतोच की.

एक अडचण आहे आणि ती खरी आहे. ग्रामीण डाक सेवकावर आधीच खाती उघडण्याची, विम्याची टार्गेटं आहेत, आणि त्याला कायम कर्मचाऱ्याचा दर्जा नाही. त्याच्या गळ्यात हे फुकटात मारायचं असेल तर नको. प्रत्येक कॉलमागे त्याच्या खात्यात ठरलेली रक्कम जमा होणार असेल तरच.

तोवर आमच्या वाडीपुरतं आम्ही या वर्षी एवढं केलंय: मुंबईच्या मंडळाच्या वर्गणीतून अकरावी-बारावीच्या दोन मुलांना सणाच्या पाच दिवसांसाठी मानधन. घरं वाटून दिली आहेत, वेळापत्रक आत्याच्या ओटीवर खडूने लिहिलंय. रेंजसाठी देवळाच्या पायऱ्यांपाशी दोन खुर्च्या आणि वर ताडपत्री. चतुर्थीला दुपारी साडेबारा ते दीड दुबईवाल्यांसाठी राखीव, कारण त्यांची रजा मंजूर नाही.